मध्यंतराचे प्रेक्षक

चाकणजवळच्या कुरुळीच्या मैदानावर फुटबॉलची मॅच दुपारी बरोबर अडीच वाजता सुरू होते. बाहेरून येणाऱ्या संघांना याचा राग येतो. एवढ्या उन्हात कशाला, साडेचारला खेळू, तोवर सावली येते, असं ते म्हणतात. त्यांना कारण सांगितलं तरी पटकन कळत नाही, म्हणून इथे ते जरा सावकाश सांगतो.

आसपासच्या बहुतेक कंपन्यांत तीन पाळ्या चालतात. फर्स्ट सकाळी सातला लागते आणि साडेतीनला सुटते. साडेतीनला सेकंड लागते, ती रात्री बाराला सुटते. बारा ते सात थर्ड. तिला गावात रात्रपाळीच म्हणतात. दर आठवड्याला पाळ्या बदलतात. सुट्टी कुणाची गुरुवारी, कुणाची रविवारी. लीगच्या तिसऱ्या गटाचे सामने मात्र शनिवारी, आणि शनिवारी सगळे कामावर. मॅच साडेचारला ठेवली तर सेकंडवाल्यांना काहीच दिसणार नाही. दीडला ठेवली तर फर्स्टवाल्यांना काही नाही. अडीचला ठेवली की पहिला हाफ सेकंडवाल्यांचा, दुसरा हाफ फर्स्टवाल्यांचा.

सेकंडचा माणूस तीन वाजून दहा मिनिटांनी पायरीवरून उठतो, पँट झटकतो आणि गाडीला किक मारतो. साडेतीनच्या आत तो मशीनपाशी पोचतो. तिथे फर्स्टचा माणूस त्याची वाट पाहत असतो. पाळी बदलताना जाणारा माणूस येणाऱ्याला मशीनचा चार्ज देतो. टूल कधी बदललं, जॉब कुठला लावलाय, बाद किती गेले, सगळं सांगतो. कुरुळीत त्याच वेळी उलट्या बाजूनेही एक चार्ज दिला जातो. येणारा जाणाऱ्याला सांगतो, "एक-शून्य, आपण मागं. त्यांचा नऊ नंबर लई पळतोय." मग फर्स्टचा माणूस पंच करून सुटतो आणि पावणेचारला मैदानावर हजर होतो. पहिला हाफ त्याने पाहिलेला नसतो, तरी त्याला तो पाठ असतो.

ही वेळ बावीस वर्षांपूर्वी उद्धवराव खराड्यांनी ठरवली. उद्धवराव लातूरकडचे. तरुणपणी चाकणला आले, पत्रा दाबून सुटे भाग काढणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. गावच्या पडीक जागेतले दगड वेचून त्यांनी आणि त्यांच्या पाळीतल्या पोरांनी हे मैदान केलं. क्लबचं नाव साधंच, कुरुळी कामगार संघ. सगळे त्याला नुसतं संघ म्हणतात.

उद्धवरावांच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला पेर नाही. एकदा रात्रपाळीच्या दिवशी शेजारी लग्नाचा मांडव होता. दिवसभर बँड वाजला आणि त्यांना झोप लागली नाही. त्याच रात्री तीन वाजता प्रेसखाली बोट गेलं. तेव्हापासून त्यांचा एक नियम आहे: रात्रपाळीच्या माणसाची झोप मोडायची नाही. मैदानाला लागूनच दोन बाजूंनी खोल्यांच्या चाळी आहेत आणि दुपारी तिथे रात्रपाळीचे लोक झोपलेले असतात. म्हणून कुरुळीत मॅचला ढोल नाही, शिट्टी फक्त रेफरीची, आणि गोल झाला तरी कुणी ओरडत नाही. सगळे दोन्ही हात वर करून जोरजोरात हलवतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हसू येतं. एका पाहुण्या संघाचा कोच तर म्हणाला होता, "राव, ही मॅच आहे की शोकसभा?"

एके काळी असे हात हलवणारे सहाशे होते. गेल्या काही वर्षांत मात्र पायऱ्या मोकळ्या दिसू लागल्या. पुष्कळ ठिकाणी आठ तासांच्या जागी बारा तास काम सुरू झालं, आणि बारा तासवाल्याला ना पहिला हाफ मिळतो ना दुसरा. कंत्राटी पोरं सहा-सात महिन्यांत बदलतात. खेळाडूंची नावं त्यांच्या तोंडी बसेपर्यंत ती दुसऱ्या कंपनीत, दुसऱ्या गावात गेलेली असतात. मोबाइलवर परदेशातला फुटबॉल झोपून बघता येतो. उद्धवराव कुणाला दोष देत नसत. दोन्ही हाफ मिळून दोनशे माणसं आली तरी ते घरी येऊन बायकोला सांगत, "आज बरी होती गर्दी."

जानेवारीत जिल्हा संघटनेचं पत्र आलं. मैदानं जास्त आणि रेफरी कमी, म्हणून ज्या मैदानावर प्रेक्षक नाहीत तिथले सामने बंद करायचे ठरलं होतं. मध्यंतराला निदान दीडशे प्रेक्षक हजर हवेत. तेवढे नसतील तर पुढच्या वर्षीपासून त्या संघाने आपले सगळे सामने पुण्यात जाऊन खेळायचे.

मोजणीसाठी निगडीहून प्रभाकर देशमुख आले. बँकेतून निवृत्त, पूर्वीचे रेफरी, बारीक, टापटिपीचे गृहस्थ. सव्वातीनला मध्यंतराची शिट्टी झाली. सेकंडवाले निघून गेले होते आणि फर्स्टवाले अजून मशीनवर होते. पायऱ्यांवर काही म्हातारे, चार बायका आणि एक कुत्रं. प्रभाकररावांनी मोजलं, पुन्हा मोजलं.

"एक्केचाळीस," ते म्हणाले.

"साहेब, अर्ध्या तासापूर्वी शंभर होते. अजून अर्धा तास थांबा, शंभर येतील," उद्धवराव म्हणाले.

"मी पाहिले की. पण नियमात मध्यंतर लिहिलंय. सगळ्या मैदानांना एकच माप." प्रभाकररावांचा आवाज कठोर नव्हता. "आणि खरं सांगू का, उद्धवराव, तुमच्या लोकांत काही उत्साहच दिसला नाही. गोल झाला तर कुणी हूं की चूं केलं नाही."

उद्धवरावांनी हाताने चाळीकडे दाखवलं. "लोक झोपलेत तिथं," ते म्हणाले. प्रभाकररावांना त्याचा अर्थ लागला नाही.

हंगामातला शेवटचा घरचा सामना तीन आठवड्यांवर होता. तेव्हा दुसरी आणि अखेरची मोजणी व्हायची होती, आणि तीच धरली जाणार होती.

पुणं काही लांब नाही, असं कुणी म्हणेल. पण तीन दहापर्यंत कुरुळीत मॅच बघणारा माणूस साडेतीनला मशीनवर असतो. पुण्यातली मॅच त्याच्या आयुष्यात येणारच नाही. संघ खेळत राहील, पण तो कुरुळीचा राहणार नाही. उद्धवरावांना हे स्पष्ट दिसत होतं, आणि त्या तीन आठवड्यांत त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं.

दत्तोबांनी एक तोड सुचवली. दत्तोबा गावचे जुने, वय पंच्याहत्तरच्या पुढे. पहिल्या मॅचपासून ते दर वेळी पायरीवर बसून संघाला नावं ठेवतात आणि एकही मॅच चुकवत नाहीत.

"एवढं काय त्यात?" ते म्हणाले. "सभेला मानसं भरत्यात का न्हाई? दोन टेंपो लावायचे, वडापाव द्यायचा. तुमचा साहेब मोजून मोजून दमंल."

"दत्तोबा, त्यांना आपला गोलकीपर कोण ते तरी ठाऊक असेल का?"

"आपल्या गोलकीपरला तरी कुटं ठाऊक हाय त्यो गोलकीपर हाय म्हनून!"

उद्धवराव हसले, पण टेंपोला नाही म्हणाले. भाड्याच्या माणसांनी मैदान राखायचं, तर ते कशाला राखायचं, असं त्यांचं म्हणणं.

खरी वाट त्यांच्या घरातूनच निघाली. त्यांच्या पत्नी कौशल्याबाई खानावळ चालवतात. चाळीस-पन्नास पोरांचे डबे आणि जेवण. भिंतीवर खडूने कोष्टक काढलेलं असतं, या आठवड्यात कोण फर्स्टला, कोण सेकंडला, कोण रात्रपाळीला. डबा कुणाला किती वाजता, हे त्यावरून ठरतं. त्या शेवटच्या आठवड्यात भाकरी थापता थापता त्या कोष्टकाकडे पाहत राहिल्या.

"अहो, सव्वातीनला गावात कोण असतं?"

"कुणी नसतं. तोच तर घोळ आहे."

"रात्रपाळी असते. माझीच सतरा पोरं आहेत. गावात खानावळी अकरा. करा हिशोब."

"ती झोपलेली असतात," उद्धवराव म्हणाले.

"उठतील अर्धा तास."

"नाही." त्यांनी डावा हात पुढे केला. "हे बघून तू असं बोलतेस?"

कौशल्याबाईंनी त्या हाताकडे पाहिलं आणि भाकरी उलटली. "बघितलंय. सत्तावीस वर्षं बघतेय. मी काही दारावर थापा मारायला जात नाही. पण सांगायला काय हरकत आहे? त्यांचा संघ चाललाय गावातून, आणि ही बातमी त्यांना तिसऱ्याकडून कळायची का?"

हे उद्धवरावांना पटलं. सांगणं वेगळं आणि उठवणं वेगळं.

शुक्रवारी सकाळी पावणेआठला रात्रपाळीची पोरं खानावळीत जेवायला बसली. सगळ्यांची सकाळ तीच यांची रात्र. डोळे लाल, हातांना अजून तेलाचा वास. उद्धवराव उभे राहिले आणि त्यांनी पत्र वाचून दाखवलं, एक्केचाळीसचा आकडाही सांगितला. शेवटी म्हणाले, "उद्या मोजणी आहे. दीडशे काही होत नाहीत. तुम्हाला ठाऊक असावं म्हणून सांगितलं. तुम्ही येऊ नका. उद्या रात्री तुमची ड्युटी आहे, झोप पूर्ण करा."

परभणीचा सुजित, पॅकिंगला असलेला, ताटातला घास खाली ठेवून म्हणाला, "काका, एक विचारू का?"

"विचार."

"झोप कुणाची हाय? आमची ना?"

"तुमचीच."

"मग ती मोडायची का न्हाई ते आमी ठरवू. तुमी कशाला आमच्या झोपंचे मालक झालात?"

सगळे हसले. उद्धवरावांना राग आला होता की बरं वाटलं होतं, त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

"तसं नव्हे, सुजित. तुम्ही मॅच बघणार नाही, काही नाही. मोकळं मैदान बघायला यायचं? मग दत्तोबांचे टेंपोवाले आणि तुम्ही, फरक काय?"

सुजितला हे लागलं. तो उठून उभा राहिला. "फरक कसा न्हाई? मागल्या आठवड्यात मी सेकंडला होतो, पहिला हाफ बघितला. त्याच्या आधी फर्स्टला होतो, दुसरा बघितला. या आठवड्यात रात्रपाळी लागली म्हणून मी काय संघाचा राहिलो न्हाई का? अन् काका, मी इथं पहिल्यांदा आलो तेव्हा म्हणायचो, ही कसली मुकी माणसं. मग रात्रपाळी लागली. दुपारी जाग आली, खिडकीतून बघितलं तर शंभर माणसं हात हलवायली होती अन् आवाज न्हाई. तेव्हा कळलं, हे आमच्यासाठी गप हायत. घरी माझा सख्खा भाऊ टीव्ही बारीक करत न्हाई माझ्यासाठी."

उद्धवरावांनी पत्राची घडी घातली. कौशल्याबाईंनी सुजितच्या ताटात न मागता दुसरी भाकरी वाढली.

शनिवारी दुपारी आकाश निरभ्र होतं. प्रभाकरराव दोनलाच आले, पायरीच्या टोकाला बसले आणि वही मांडीवर ठेवली. समोरचा संघ भोसरीचा होता, चांगला तयारीचा. पहिल्या हाफला शंभरेक माणसं होती. तीन दहा झाले आणि ती उठू लागली. जाताना एकेकजण उद्धवरावांकडे बघून मान हलवत होता. थांबता येत नाही, याची ती माफी होती. उद्धवराव प्रत्येकाला हाताने जा, जा म्हणत होते.

सव्वातीनला शिट्टी झाली. पायऱ्या मोकळ्या. उद्धवराव तिकडे पाठ करून गोलची जाळी बांधत बसले. ती सुटलेली नव्हती.

प्रथम एका खोलीचं दार उघडलं. मग वरच्या मजल्यावर तीन. लुंगी, बनियन, खांद्यावर टॉवेल. एकाच्या गालावर उशीची घडी उमटलेली. एकजण चादर गुंडाळूनच आला होता. जिन्यावरून ते चपला हातात घेऊन उतरत होते, कारण बाकीचे अजून झोपलेले होते. गल्ल्यांतून, मागच्या चाळीतून, रस्त्यापलीकडच्या इमारतीतून ते येत राहिले. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. येऊन पायरीवर ओळीने बसत होते आणि जांभया देत रिकाम्या मैदानाकडे बघत होते.

प्रभाकरराव उभे राहिले. एवढी वर्षं त्यांनी मैदानं पाहिली होती, पण नेमके मध्यंतराला येणारे प्रेक्षक कधी पाहिले नव्हते. ते पहिल्या ओळीतल्या सुजितपाशी गेले. "तुम्ही मॅच बघायला आलात?"

"हाव, साहेब."

"मॅच तर थांबलीय."

"आमची पाळीच तशी हाय."

प्रभाकरराव माणूस पारखून घेणारे होते. "तुमचा सात नंबर कुठल्या पायाने खेळतो?"

"डाव्या. उजवा नुसता उभं राहायला ठेवलाय," सुजित म्हणाला. मागून दबक्या आवाजात कुणीतरी म्हणालं, "अन् हेडिंगला डोळे मिटतो." तिसरा म्हणाला, "ते सांगू नको ना, भावा, भोसरीवाले ऐकतील."

प्रभाकररावांनी आणखी काही विचारलं नाही. त्यांनी पेन काढलं आणि मोजायला सुरुवात केली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले, परत आले.

तेवढ्यात उद्धवराव जवळ आले होते. ते एकेका चेहऱ्याकडे बघत होते, आणि एकदम त्यांचा चेहरा उतरला. "सुजित, प्रेसवाली पोरं कुठेत? क्रेनवाले?"

"झोपलेत, काका. त्यांना आमीच येऊ दिलं न्हाई. पॅकिंग, स्टोअर, असेंब्ली, एवढेच आलो. ज्यांचा हात मशीनखाली जातो, त्यांचं एक माणूस न्हाई यात. काल रात्री ड्युटीच्या आधी अकराही खानावळींत फिरलो, लिस्ट केली बसून."

उद्धवरावांनी डावा हात खिशात घातला. त्यांना वाटलं होतं की हा नियम आपला आहे, आपण आहोत तोवर चालेल. तो तर कधीच या पोरांचा झाला होता.

"एकशे एकसष्ट," प्रभाकरराव म्हणाले. "संघाचे पदाधिकारी सोडून. तुम्हीही मोजून घ्या."

"तुम्ही मोजलंत ते बास."

प्रभाकररावांनी वहीत आकडा लिहिला, तारीख टाकली, सही केली. शेऱ्याच्या रकान्यापाशी पेन थांबलं. मागच्या खेपेला त्यांनी तिथे उत्साह नाही असं लिहिलं होतं. "या मैदानाबद्दल मी काय लिहू, उद्धवराव? खरंच सांगा."

"लिहा, की तीन पाळ्यांत चालतं."

प्रभाकररावांनी तसंच लिहिलं, शब्दाला शब्द.

दुसऱ्या हाफची शिट्टी झाली. उद्धवरावांनी टाळी वाजवायला हात उचलले आणि न वाजवता खाली घेतले. "चला, उठा आता," ते पोरांना म्हणाले. "झालं काम. आणखी अडीच-तीन तास झोप होते." काहीजण उठले, चपला पुन्हा हातात घेतल्या आणि जिन्याने वर गेले. काहीजण मात्र पाचच मिनिटं, पाचच मिनिटं म्हणत बसून राहिले. उद्धवरावांनी त्यांना दटावलं, पण आवाजात जोर नव्हता.

पावणेचार झाले. रस्त्यावर गाड्या थांबू लागल्या. फर्स्टचे लोक खांद्याला डब्याच्या पिशव्या लटकावून धावत येत होते. पायऱ्यांवर किती माणसं बसलीयत हे पाहून ते कडेलाच थबकत होते. एकजण धापा टाकत थेट उद्धवरावांपाशी आला.

"काका, किती झाले?"

"एकशे एकसष्ट!" उद्धवराव म्हणाले. आयुष्यात एवढ्या मोठ्याने ते या मैदानावर कधी बोलले नसतील.

"अहो, गोल विचारतोय मी, गोल!"

उद्धवरावांनी मैदानाकडे पाहिलं, मग प्रभाकररावांकडे. प्रभाकररावांनी मान हलवली. त्यांनीही सगळा वेळ माणसंच पाहिली होती.

"एक-एक," पायरीवरून दत्तोबा म्हणाले. "ह्या दोगांना काय इचारतोस? आज दोगंबी कामाचं न्हाईत."